सतरा नंबरचा लॉट आणि एकोणीस मालक

६ मे

राजेश्री म्हणते, मिटिंगमध्ये बोलायचं ते वहीत लिहीत जा. पुण्यातली नोकरी माझ्या जिभेनं गेली असं तिचं मत आहे. माझ्या मते ती कंपनीच्या कपातीत गेली. सहा वर्षांच्या संसारात हा एकच वाद अजून निकाली निघालेला नाही. तेव्हा आजपासून वही.

तर मी, बालाजी, देवगाव फाट्यावरच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचा आयटी मॅनेजर. ऑफिस वेल्डिंगच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. आयटी मॅनेजर म्हणजे प्रिंटरमधला कागद ओढून काढणारा आणि अध्यक्षांच्या फोनमधले नको ते फोटो पुसणारा माणूस. पण आज खरं काम झालं. सोयाबीन बियाण्याच्या उगवण तपासणीचे सगळे आकडे क्लाउडवर गेले. कुठल्याही लॉटची उगवण सत्तर टक्क्यांच्या खाली भरली की तो लॉट नोंदवलेल्या प्रत्येक सभासदाच्या फोनवर आपोआप मेसेज जाणार: हे बी पेरू नका. माणसानं मध्ये पडायची गरजच नाही.

आता उरलं परवानग्यांचं. ते मी काळ्या पडद्यावर, कमांड लिहून करतो. बटणं दाबून करणारे वेगळे. नियम साधा आहे: ज्याचं जेवढं काम, त्याला तेवढीच परवानगी. चहा देणाऱ्या आश्रुबांनाही हा नियम दोनदा समजावून सांगितला. ते म्हणाले, "बरंय की."

८ मे

संचालक मंडळाची मिटिंग. विषय: कोणाला कोणती परवानगी.

मी सांगितलं, परवानगीच्या तीन पायऱ्या असतात. व्ह्यूअर, म्हणजे फक्त पाहणारा. एडिटर, म्हणजे आकडे भरणारा. आणि ओनर, म्हणजे सगळं काही करू शकणारा, इतरांना परवानग्या वाटणाराही. संचालकांना आकडे फक्त बघायचे असतात, म्हणून सातही जणांना व्ह्यूअर.

सातही चेहरे उतरले. लग्नात नवरदेवाच्या मामाला फेटा बांधायचा राहून जातो तेव्हा उतरतात तसे.

"म्हंजे आमी नुसतं बगायचं?" तात्याराव म्हणाले. हे संचालक कंपनीला बियाणं पुरवतात आणि कंपनीच्या तपासणी समितीवरही आहेत. स्वतःच्या पेपरला स्वतःच सुपरवायझर. "बगायला काय, आमी सिनेमाला आलाव का?"

अध्यक्ष आबासाहेबांनी समजूतदारपणे विचारलं, "बालाजीराव, त्यातलं सगळ्यात मोठं कोणतं?"

"ओनर."

"मंग ते द्या."

"तुम्हाला?"

"एकट्याला कसं? मी घेतलं अन् तात्यारावला न्हाई दिलं, तर उद्या मी ह्यांला तोंड कसं दाखवायचं? सगळ्यांला द्या. इज्जतीचा मामला हाय."

ठराव एकमतानं मंजूर झाला. सूचक तात्याराव. कंपनीला आता सात मालक आहेत.

बियाणं तपासते सुकेशनी. परभणीच्या विद्यापीठातून शिकलेली, सहा-सहा महिन्यांच्या करारावर असलेली मुलगी. तिला काय द्यायचं, असं मी विचारलं. "तिला कशाला?" असं दोन-तीन जण एकदमच म्हणाले. का नको, ते कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. तिला व्ह्यूअर दिलं. तसंही ती आकडे रजिस्टरात लिहितेच. ते बघून सिस्टीममध्ये मी भरेन. शिस्त राहते.

९ मे

सात जणांना सात कमांड लिहिण्याऐवजी डोकं चालवलं. 'संचालक मंडळ' नावाचा एक ग्रुप केला आणि एकाच कमांडनं अख्ख्या ग्रुपला ओनर करून टाकलं. ग्रुपमध्ये माणूस घ्यायचा की काढायचा, ते आबासाहेबांकडे. नेटकं काम. पुण्यात असतो तर शाबासकी मिळाली असती. इथं आबासाहेबांनी विचारलं, "ह्याला रंग बदलता येतो का?"

१२ मे

बुद्ध पौर्णिमा. सुकेशनी रजेवर. ऑफिसात मी, आश्रुबा आणि तात्याराव.

तात्याराव तक्रार घेऊन आले होते. "तुमचं ते मालकपण माझ्या फोनात लागंना." बघितलं तर त्यांचं खातं सेलूच्या मोबाइलवाल्यानं उघडलेलं आणि पासवर्ड त्या मोबाइलवाल्यालाही माहीत नाही. तासभर झटलो. ते समोर बसून सुपारी कातरत होते आणि दर पाच मिनिटांनी म्हणत होते, "आबासाहेबांच्या फोनात लागलं म्हणं."

शेवटी कंटाळून त्यांच्या फोनवर माझंच खातं चालू करून दिलं. तात्पुरतं. त्यांना दिसण्याशी मतलब. उद्या काढून टाकू. "हां, आता कसं," म्हणाले आणि खुशीत गेले. मूल रडत असलं की हातात काहीतरी द्यावं लागतं.

१३ मे

सुकेशनीनं तिच्या आईच्या हातची खीर आणली होती. दोन वाट्या खाल्ल्या. मग तिनं विचारलं, "सर, आकडे मलाच भरता आले तर? बी मी मोजते, रजिस्टर मी लिहिते."

मी तिला नियम समजावला. ज्याचं जेवढं काम.

"माझं काम तेच हाय ना, सर?"

या मुलांना मुळातून समजवावं लागतं. म्हटलं, चुकून एखादा आकडा बदलला गेला तर? ती म्हणाली, "मुद्दाम बदलला तर कळतं का?" म्हटलं, कळतं, प्रत्येक बदलाची नोंद राहते, कोणी कधी केला ते. एवढ्यानं तिचं समाधान झालेलं दिसलं. कमांड कशी लिहितात तेही तिला पाहायचं होतं. एक दाखवली. तिनं रजिस्टरच्या मागच्या पानावर उतरवून घेतली. हौस असते एकेकाला.

२० मे

आज सहज ग्रुप उघडला. सातचे एकोणीस झालेत. आबासाहेबांचा भाचा. भाच्याचा मित्र. आबासाहेबांचा ड्रायव्हर. गंगाखेडचे त्यांचे व्याही, ज्यांचा सोयाबीनशी संबंध फक्त तेलापुरता. एक जण पिंगळीचा. तो कोण, ते आबासाहेबांनाही आठवेना. "भला माणूस हाय. वास्तुशांतीला भेटला व्हता. मागितलं, न्हाई कसं म्हणावं?"

निमंत्रण पत्रिकेवरही इतके प्रेषक नसतात. मी मनातल्या मनात बरंच बोललो आणि उरलेलं इथं लिहितो आहे. राजेश्रीचा उपाय लागू पडतो आहे.

२३ मे

सतरा नंबरच्या लॉटची उगवण आज मोजली. सुकेशनीची पद्धत जुनी: ओल्या गोणपाटावर शंभर बिया दहाच्या ओळीत मांडायच्या, गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं आणि पाचव्या दिवशी मोजायचं. अशा चार गुंडाळ्या. मी म्हटलं, हल्ली यालाही मशीन मिळतं. ती म्हणाली, "बी मशीनमधी पेरायचं नसतंय, सर."

सतराची सरासरी बावन्न. लॉट तात्यारावांच्या प्लॉटवरचा, दोनशे चाळीस बॅगा. मळणी ओल्यात झाली असावी म्हणे. मी बावन्न भरले. समितीनं पाहिल्यावर आकडा पक्का होतो आणि मग मेसेज जातात. समितीला पाच दिवसांची मुदत. समिती म्हणजे तात्याराव. असो.

२७ मे

दिवसभर परभणी. राजेश्रीच्या बहिणीच्या लग्नाचा बस्ता. दुकानदारानं एकशे चाळीस साड्या उलगडल्या, आम्ही पहिलीच घेतली.

२९ मे

सकाळी सुकेशनीनं विचारलं, "सर, सतरा नंबरला तुमी किती भरले?"

"रजिस्टरात होते तेवढे."

"नक्की?"

मी जरा चढ्या आवाजात म्हटलं, नक्की. ती रजिस्टर मिटून निघून गेली. चहालाही आली नाही. परवानगी न दिल्याचा राग अजून धरून ठेवलेला दिसतो. करारावरच्या माणसानं इतकं मनाला लावून घेऊ नये.

३१ मे

आज तिसरा दिवस, सुकेशनी माझ्याशी कामापुरतंच बोलते. दुपारी डबाही खाली आश्रुबांसोबत खाल्ला. मी काय केलं आहे?

आश्रुबांनी वाटपाआधीच, अठ्ठावीसला बियाणं उचललं, हे आज कळलं. चार एकर आहेत त्यांना, कुपट्याच्या वाटेला. तीन बॅगा. "अध्यक्षसाहेब म्हणले, सतरा नंबर घेऊन जा, चांगलं हाय." मी म्हटलं, हो का, छान. सतरा. काहीतरी खटकलं, पण तेवढ्यात प्रिंटर अडकला.

१ जून

रविवार असून सुकेशनीनं फोन करून ऑफिसला बोलावलं. टेबलावर ओलं गोणपाट उलगडून ठेवलेलं. माझ्या किबोर्डवर पाणी.

"आश्रुबाकाकांच्या बॅगेतलं बी हाय, अठ्ठावीसलाच गुंडाळलं व्हतं. परत मोजलं. तुमीच मोजा."

मोजलं. एकोणपन्नास उगवलेले. बाकीच्या बिया फुगून मऊ पडलेल्या, दोन-चार कुजलेल्या, वास येत होता. मी म्हटलं, मग मेसेज गेलाच असेल, बावन्न होते ना. तिनं तिचा फोन समोर धरला. सिस्टीममध्ये सतरा नंबरला बहात्तर.

"आन् ही नोंद." तिनं खाली सरकवलं. आकडा बदलला: सत्तावीस मे, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. बदलणारा: बालाजी.

बदलांची नोंद व्ह्यूअरलाही दिसते, हे मला माहीत नव्हतं. मी व्ह्यूअर कधी होतोच कुठे? तिला ती अठ्ठावीस तारखेपासून दिसत होती. म्हणजे चार दिवस ही मुलगी मला चोर समजून माझ्यासमोर काम करत होती. आणि मी समजत होतो, रुसली आहे.

"चार वाजता मी परभणीत होतो. साड्या बघत होतो," मी म्हणालो. आयुष्यात इतका केविलवाणा पुरावा मी दिलेला नाही.

"मंग तुमच्या नावानं कोण शिरलं?"

आणि मला सुपारी कातरल्याचा आवाज आठवला. उद्या काढून टाकू, असं म्हणालो होतो. मागची पानं उलटून पाहिली. तसं लिहिलंसुद्धा आहे, माझ्याच अक्षरात.

२ जून

आबासाहेबांकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. त्यांची हीच गोष्ट मला आवडते.

"तात्यारावनं केलं असं म्हणायलात. कागदावर नाव कोणाचं हाय?"

"माझं."

"मंग तुमीच केलं ना, बालाजीराव."

पंखा फिरत होता. त्यांनी मला पाणी दिलं.

"हे बगा, मला तुमची फिकर हाय. लेकराबाळाचे माणूस तुमी. ही गोष्ट भाईर गेली तर तात्यारावचं काय वाकडं व्हायचंय? तुमच्यावर येतंय सगळं. अन् बी उगवणं न उगवणं काय आपल्या हातात असतंय का? बुधवारपासून बॅगा वाटायच्यात. शांत ऱ्हावा."

घाबरलो. इथं खोटं कशाला लिहू? पुण्याहून एकदा परत आलो. देवगाव फाट्यावरून परत कुठं जाणार? सतरा नंबर नोंदवलेले सभासद एकशे सहा. त्यांतले एकशे पाच मला चेहऱ्यानं माहीत नाहीत. पण आश्रुबा रोज सकाळी माझा टेबल पुसतात. घरी येऊन राजेश्रीला सांगितलं. ती म्हणाली, "नको तिथं बोलून एक नोकरी घालवलीस. आता बोलायची वेळ आलीय तर वही काढून बसलास?" म्हणजे पुण्याचा वाद निकाली निघाला, तिच्या बाजूनं.

३ जून

सकाळी सुकेशनीला म्हटलं, आकडा दुरुस्त करायचा आहे, पण मी केला तर उपयोग नाही. माझ्या नावावर बावन्न, माझ्या नावावर बहात्तर आणि आता पुन्हा माझ्याच नावावर बावन्न. तात्याराव म्हणतील, हा माणूस आकडे रोज बदलतो, ह्याचं काय ऐकता. तो तुझ्या नावानं जायला हवा, मोजणाऱ्याच्या. आणि त्यानंतर कोणालाही बदलता येता कामा नये. एकोणीस जणांनाही नाही, मलाही नाही.

ती म्हणाली, "सर, माझा करार तीस जूनला संपायलाय."

माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी माझं ओझं उचलून तिच्या डोक्यावर ठेवत होतो आणि त्याला परवानगी म्हणत होतो. मी म्हटलं, राहू दे मग. मी बघतो काहीतरी.

"न्हाई म्हणले न्हाई मी." तिनं रजिस्टर उघडून सतरा नंबरचं पान माझ्यासमोर सरकवलं. "आधी लिहून द्या. आकडा कोणत्या फोनवरून बदलला, त्या फोनवर तुमचं खातं कोणी चालू करून दिलं. तारखेनिशी. खाली दस्तखत करा. उद्या हे माझ्यावर यायला नको."

लिहिलं. आठ ओळी. 'मी माझ्या हातानं' या शब्दांपाशी पेन अडकलं, म्हणजे मीच अडकलो. सही केली. तिनं वाचलं, तारीख तपासली, आणि मग आश्रुबांना साक्षीदार म्हणून सही करायला लावली. आश्रुबांनी चष्मा लावून आठही ओळी वाचल्या. सही करून रोजच्यासारखा माझा टेबल पुसायला घेतला. तेच जास्त लागलं.

मग काळा पडदा उघडला. पहिली कमांड: सुकेशनीला ओनर. दुसरी: 'संचालक मंडळ' ग्रुपचं ओनरपण काढ. एक ओळ, एक एंटर, आणि एकोणीस मालक गेले. ठरावाला दोन तास लागले होते, याला दोन सेकंद. तिसरी कमांड: बालाजी, काढ. हिला जरा वेळ लागला. मशीनला नाही, मला.

त्यानंतर त्या खोलीत मला काहीच करता येत नव्हतं. सुकेशनीनं बहात्तर खोडून बावन्न लिहिले. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'फेरतपासणी एकोणपन्नास.' ओनर म्हणून आकडा पक्काही केला. दहा-बारा सेकंद गेले आणि आश्रुबांच्या सदऱ्याच्या खिशात फोन वाजला.

४ जून

अकरा वाजेपर्यंत जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती. बॅगा न्यायला आलेले लोक मेसेज उघडून उभे. तात्यारावांचा फोन बंद. आबासाहेब आले ते थेट माझ्यावर. "कोणाच्या परवानगीनं केलं हे?"

मी खरं तेच सांगितलं, "मला परवानगीच नाही. मी काहीच करू शकत नाही."

ते आणखी काही बोलणार, तेवढ्यात कस्तुराबाई नावाच्या एका म्हाताऱ्या सभासदानं त्यांचा हात धरला. "आबासाहेब, बरं झालं बगा सांगितलं. न्हाईतर दोन एकर पडीकच गेलं असतं." मागून आणखी दोघं-तिघं तसंच म्हणाले. आबासाहेबांचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत बदलत गेला. मग ते खुर्चीवर चढून म्हणाले, "शेतकऱ्याच्या बियाण्यात तडजोड न्हाई. मी रात्रंदिवस लक्ष ठेवून हाय."

मेसेज परत घ्यायचं नाव आता कोणी काढू शकत नाही. साहेबांनीच पाठवला आहे तो.

१० जून

कंपनीचा जाहीर कार्यक्रम. लॉट स्वखुशीनं मागे घेतल्याबद्दल तात्यारावांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. बोलताना त्यांनी शालीनं डोळे पुसले. आबासाहेबांचा सत्कार दक्षतेबद्दल. पिंगळीच्या त्या भल्या माणसाचाही झाला, कशाबद्दल ते कळलं नाही.

मला नोटीस मिळाली आहे: खात्याचा गैरवापर, पंधरा दिवसांत खुलासा. खुलासा तयारच आहे, आठ ओळींचा, साक्षीदारासह. सुकेशनी मॅडमचा करार एक वर्षानं वाढला. काढणार कसं? सगळ्या किल्ल्या त्यांच्याकडे, आणि त्या कशा फिरवायच्या हे एकोणीस जणांपैकी एकालाही येत नाही. त्यांचं नाव मात्र व्यासपीठावरून कोणी घेतलं नाही. या वेळी मी मागच्या रांगेत उभा राहून घेतलं. दोघांनी टाळ्या वाजवल्या. त्यातले एक आश्रुबा. त्यांना नऊ नंबरचं बी बदलून मिळालंय.

१२ जून

आठवडाभर नुसता बसून होतो. खुलासा मंजूर होईपर्यंत पगार चालू, काम बंद. प्रिंटरही अडकेना. शेवटी आज मॅडमच्या टेबलापाशी गेलो. म्हटलं, मलाही काहीतरी परवानगी द्या, नऊ नंबरच्या वाटपाची यादी करायची आहे.

त्यांनी रजिस्टरचं मागचं पान उघडलं. तेरा मेला उतरवलेली माझीच कमांड तिथं होती, स्वच्छ अक्षरात, प्रत्येक शब्दाखाली त्याचा अर्थ लिहिलेला. काळा पडदा उघडून त्यांनी ती टाईप करायला घेतली. शेवटच्या शब्दापाशी थांबल्या आणि माझ्याकडे बघून विचारलं, "काम काय करायचंय तेवढं सांगा, सर. तेवढीच देते."

मी विचार केला. यादी नुसती बघून उतरवायची होती.

म्हटलं, "व्ह्यूअर द्या."